पाणी कुणाचं, जमीन कुणाची, कर्ज कुणाचं? पर्यावरण आणि आर्थिक न्यायाबद्दल कॅथलिक चर्च काय सांगतं

नोव्हेंबर २०२३ मधली गोष्ट. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. पीक हाती लागलं नाही, बँकेचं कर्ज फिटत नाही, तेव्हा आमचे अवयव विकत घ्या आणि त्यातून कर्ज वळतं करून घ्या, अशी त्यांची मागणी होती. पत्रात किडनी, लिव्हर, डोळे यांचे दरही लिहिले होते. ही बातमी काही दिवस सगळ्यांच्या फोनवर फिरली आणि मग मागे पडली.

ही बातमी कुठल्या पानावर छापायची? पावसाचा खंड, थकलेली जमीन, खोल गेलेलं पाणी बघितलं तर ती पर्यावरणाची. कर्ज, व्याज, सोयाबीनचा भाव बघितला तर ती अर्थकारणाची. सरकारी कामकाजात या दोन गोष्टींची खाती वेगळी आहेत, आपल्या चर्चेतही त्या वेगळ्याच येतात.

या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत, असं ठामपणे मांडणाऱ्या विचारधारा जगात काही आहेत. त्यातली एक आहे कॅथलिक चर्चची सामाजिक शिकवण. हिंगोलीत ख्रिस्ती लोकसंख्या अगदी थोडी आहे, त्यामुळे इथल्या बहुतेकांनी तिच्याबद्दल फारसं ऐकलेलं नसेल. पण या शिकवणीत शेतकरी, पाणी, जमीन आणि कर्ज यांच्याबद्दल बरंच काही आहे, आणि महाराष्ट्रात तिच्यावर आधारलेलं काम झालेलंही आहे. ती शिकवण काय आहे, ती कुठे वापरली गेली आणि तिच्यावर टीका काय होते, ते समजून घेऊ.

थोडक्यात

- निसर्गाची हानी आणि गरिबांवरचा अन्याय हे एकाच संकटाचे दोन भाग आहेत, असं ही शिकवण सांगते.
- खासगी मालमत्तेचा हक्क तिला मान्य आहे. पण त्या मालमत्तेवर समाजाचाही अधिकार आहे, असं ती म्हणते.
- पिण्याचं पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, बाजारातल्या इतर मालासारखा तो माल नाही, ही तिची भूमिका आहे.
- महाराष्ट्रात वसईचं 'हरित वसई' आंदोलन आणि नगर जिल्ह्यातलं पाणलोटाचं काम ही दोन उदाहरणं अभ्यासण्यासारखी आहेत.
- चर्च स्वतः या शिकवणीप्रमाणे वागतं का, हा प्रश्न चर्चच्या आतही विचारला जातो.

'चर्चची शिकवण' म्हणजे नेमकं काय?

कॅथलिक चर्चचे प्रमुख म्हणजे पोप. एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नावर पोप सगळ्या चर्चला उद्देशून सविस्तर पत्र लिहितात. त्याला विश्वपत्र किंवा परिपत्रक म्हणतात. कामगार, शेती, युद्ध, गरिबी, हवामान अशा विषयांवरच्या अशा पत्रांमधून जी भूमिका तयार होत गेली, तिला चर्चची सामाजिक शिकवण म्हणतात.

सगळे ख्रिस्ती कॅथलिक नसतात. मराठवाड्यात प्रॉटेस्टंट पंथांच्या जुन्या मंडळ्याही आहेत आणि पोपची पत्रं त्यांना लागू नाहीत. कॅथलिकांच्या बाबतीत संपूर्ण मराठवाडा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे धर्मप्रांत जिल्ह्यापेक्षा वयाने मोठा आहे.

१८९१ पासून आजपर्यंत

१८९१, 'रेरुम नोव्हारुम': युरोपात कारखाने वाढत होते आणि कामगारांची पिळवणूक होत होती. पोप लिओ तेरावे यांनी या पत्रात कामगाराला कुटुंब चालवता येईल एवढी मजुरी मिळाली पाहिजे आणि संघटना करण्याचा हक्क मिळाला पाहिजे, असं मांडलं. त्याच पत्रात त्यांनी खासगी मालमत्ता नष्ट करण्याच्या समाजवादी विचारालाही विरोध केला. भांडवलशाही आणि समाजवाद या दोन्हींपासून अंतर राखण्याची चर्चची सवय इथून सुरू झाली.

१९६१, 'मातेर एत माजिस्त्रा': पोप जॉन तेविसावे यांच्या या पत्रात शेतीवर मोठा भाग आहे. देशाच्या विकासात शेती मागे पडते, शेतकऱ्याचं उत्पन्न शहरातल्या माणसाच्या तुलनेत घसरत जातं, हे त्यांनी सांगितलं. उपाय म्हणून रास्त व्याजाचं कर्ज, विमा, भावाचं संरक्षण, सहकारी संस्था आणि गावात रस्ते-पाणी-शिक्षण यांची यादी दिली. आजच्या हमीभावाच्या आंदोलनातल्या मागण्या या यादीशेजारी ठेवल्या, तर बऱ्याच जुळतात.

१९६७, 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ': पोप पॉल सहावे यांनी श्रीमंत आणि गरीब देशांतल्या दरीवर लिहिलं. विकास म्हणजे फक्त उत्पन्नाची वाढ नाही, तो माणसाचा सर्व बाजूंनी आणि सर्व माणसांचा व्हायला हवा, हा त्याचा गाभा.

१९७९ ते १९९१: पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये असिसीचे संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचं काम करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. १९९० च्या जागतिक शांतता दिनाचा त्यांचा संदेश पर्यावरणावरच होता.

२०१५, 'लाउदातो सी': पोप फ्रान्सिस यांचं हे पत्र १८ जून २०१५ रोजी प्रसिद्ध झालं. पर्यावरण हाच मुख्य विषय असलेलं हे पहिलं विश्वपत्र. त्यानंतर २०२३ मध्ये 'लाउदाते देउम' या छोट्या पत्रात त्यांनी हवामान बदलावर जग पुरेसं काम करत नसल्याची नाराजी मांडली.

२०२५: २१ एप्रिल रोजी पोप फ्रान्सिस यांचं निधन झालं. ८ मे रोजी निवडून आलेल्या नव्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतलं, आणि त्यामागे 'रेरुम नोव्हारुम' लिहिणाऱ्या लिओ तेराव्यांची आठवण असल्याचं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये आलेलं त्यांचं पहिलं मोठं लेखन 'दिलेक्सी ते' गरिबांवरच आहे. त्याची सुरुवात पोप फ्रान्सिस यांनी केली होती.

चार तत्त्वं

या सगळ्या पत्रांमध्ये काही तत्त्वं पुन्हा पुन्हा येतात. पर्यावरण आणि आर्थिक न्यायासाठी त्यातली चार महत्त्वाची.

१. सृष्टीतली संपत्ती सगळ्यांसाठी. जमीन, पाणी, हवा ही मुळात सगळ्या माणसांसाठी आहे. खासगी मालकी चालेल, पण ती या मूळ हेतूच्या खाली. जॉन पॉल दुसरे यांनी यासाठी गहाणाची उपमा वापरली: प्रत्येक मालमत्तेवर समाजाचं गहाणखत आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा तुमच्या नावावर आहे, पण त्याच्या इतर हक्काच्या रकान्यात समाजाचा बोजा आहे.

पाण्याच्या बाबतीत हे तत्त्व थेट लागू होतं. भारतात भूजलाचा हक्क जमिनीच्या मालकीला चिकटलेला आहे. ज्याची जमीन, त्याचं बोअर. ज्याच्याकडे चौथं बोअर घेण्याचे पैसे, त्याला पाणी. शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर त्यामुळे आटली तर दाद मागायची सोय जवळजवळ नाही. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलाचा कायदा केला, पण शिवारात अजून जुनाच नियम चालतो.

२. गरिबांना अग्रक्रम. एखादा निर्णय चांगला की वाईट हे ठरवताना आधी सगळ्यात खालच्या माणसावर त्याचा काय परिणाम होतो ते बघायचं. सरासरी उत्पन्न वाढलं एवढ्यावर थांबायचं नाही. मोठ्या बागायतदाराला फायदा झाला आणि शेतमजुराची मजुरी तिथेच राहिली, तर तो निर्णय या कसोटीला उतरत नाही.

३. पूरकता. जे काम गाव करू शकतं ते जिल्ह्याने ओढून घेऊ नये, जे जिल्हा करू शकतो ते राज्याने घेऊ नये. वरच्या पातळीने खालच्याला बळ द्यायचं, तिची जागा घ्यायची नाही. १९३१ च्या पत्रात हे तत्त्व स्पष्टपणे मांडलं गेलं. आपल्याकडे ग्रामसभेला अधिकार देण्यामागचा विचार याच्या जवळचा आहे.

४. एकजूट. दुसऱ्याचं दुःख पाहून हळहळणं म्हणजे एकजूट नाही. सगळ्यांच्या हिताची जबाबदारी सगळ्यांनी घेणं, आणि त्यात आज न जन्मलेल्या पिढ्याही धरणं, असा तिचा अर्थ या शिकवणीत आहे.

'लाउदातो सी'मध्ये काय आहे?

या पत्राचं नाव संत फ्रान्सिस यांच्या सुमारे १२२५ मधल्या एका स्तोत्रावरून घेतलं आहे. त्या स्तोत्रात सूर्य, चंद्र, वारा, पाणी, माती यांना भाऊ-बहीण मानलं आहे. नामदेवांच्या नरसीत वाढलेल्या माणसाला ही भावना परकी वाटणार नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट इथे लहान मुलांनाही माहीत असते. दोघांचे धर्म वेगळे, देवाबद्दलची मांडणी वेगळी. पण जिवाशिवाकडे नातेवाईक म्हणून पाहण्याची दृष्टी दोन्हीकडे आहे.

पत्रात मात्र भक्तीइतकंच अर्थकारण आहे. त्याची सहा प्रकरणं आणि २४६ परिच्छेद आहेत. त्यातले मुख्य मुद्दे असे:

- संकट एकच आहे. पर्यावरणाचं एक आणि समाजाचं एक अशी दोन संकटं नाहीत. त्यामुळे उपायही दोन्हींचा एकत्र विचार करणारा हवा. याला पत्रात 'समग्र पर्यावरण' या अर्थाची संज्ञा वापरली आहे.
- पाणी. सुरक्षित पिण्याचं पाणी मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. गरिबाला पाणी न मिळणं म्हणजे त्याचा जगण्याचा हक्क नाकारणं.
- नुसती जमीन पुरत नाही. लहान शेतकऱ्याला जमिनीबरोबर शिक्षण, कर्ज, विमा आणि बाजारही मिळायला हवा, हा मुद्दा पॅराग्वे देशातल्या बिशपांच्या निवेदनातून पत्रात घेतला आहे.
- पर्यावरणाचं कर्ज. श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या साधनांवर आणि सगळ्यांच्या हवेवर जगून कर्ज करून ठेवलं आहे. पैशाचं कर्ज गरीब देशांकडून वसूल होतं, हे दुसरं कर्ज कुणी मोजत नाही.
- स्थानिकांचं मत. मोठ्या प्रकल्पाचा परिणाम काय होईल हे आधी तपासलं पाहिजे, आणि त्या चर्चेत तिथे राहणाऱ्यांना विशेष स्थान हवं.
- बाजारावर सगळं सोडता येत नाही. नफा हा एकच हिशेब धरला तर नदी, जंगल, पुढची पिढी यांची किंमत त्यात कधीच येत नाही.

हे झालं कागदावरचं. महाराष्ट्रात हे विचार दोन ठिकाणी प्रत्यक्ष जमिनीवर आले. एक किनारपट्टीवर, दुसरं दुष्काळी पट्ट्यात.

वसई: वाड्या, विहिरी आणि बिल्डर

वसई म्हणजे पूर्वी केळी, पानवेली, फुलं आणि भाजीपाल्याच्या वाड्यांचा पट्टा. मुंबईला लागून असल्यामुळे १९८० च्या दशकात तिथल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. शेतीच्या जमिनी बांधकामासाठी खुल्या होऊ लागल्या. १९९० मध्ये सिडकोला या भागाचं नियोजन प्राधिकरण नेमण्यात आलं. वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जाऊ लागलं. समुद्राजवळच्या भागात गोडं पाणी जास्त उपसलं की खालून खारं पाणी आत येतं. विहीर खारी झाली की वाडी संपते.

याविरुद्ध उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीचं नेतृत्व केलं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. ते कॅथलिक धर्मगुरू आणि 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक होते. समिती मात्र चर्चची संस्था नव्हती. वेगवेगळ्या धर्मांचे आणि पक्षांचे वसईकर तिच्यात होते. धर्मगुरूने बिल्डर, टँकरवाले आणि गुंडगिरी यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरणं तेव्हा चर्चमधल्याही अनेकांना पचलं नव्हतं. पाण्याचा आणि जमिनीचा प्रश्न हा श्रद्धेचाच प्रश्न आहे, ही दिब्रिटो यांची भूमिका होती. 'लाउदातो सी' यायला तेव्हा पाव शतक बाकी होतं.

आंदोलन जिंकलं का? अर्धवट. काही हिरवा पट्टा वाचला, टँकरचा उपसा हा सार्वजनिक प्रश्न झाला. पण शहर वाढतच गेलं. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा गावं त्यात ओढण्यावरून पुन्हा मोठा संघर्ष झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती.

मराठवाड्याशी दिब्रिटो यांचं नातं वेगळ्या कारणाने जुळलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिवला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

दरेवाडी: पाणी अडवायचं, पण कष्ट कुणाचे आणि फायदा कुणाला?

वसईपेक्षा हिंगोलीला जवळचं वाटेल असं उदाहरण नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं आहे. फादर हर्मन बाखर हे स्विस जेसुइट धर्मगुरू तिथे अनेक दशकं दुष्काळी गावांमध्ये काम करत होते. दुष्काळात धान्य वाटून पुढच्या दुष्काळाला काही फरक पडत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. जर्मनीची मदत आणि नाबार्डची साथ त्याला होती. १९९३ मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. ती आज 'वोटर' या नावाने ओळखली जाते.

कामाची पद्धत 'माथा ते पायथा'. आधी डोंगरावर समतल चर आणि झाडं, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बंधारे. पण खरी अट गावावर होती. गावाने एकत्र यायचं, श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, निर्णय आणि पैशाचा हिशेब गावाच्या समितीने सांभाळायचा. पूरकतेचं तत्त्व इथे प्रत्यक्ष दिसतं.

संगमनेर तालुक्यातली दरेवाडी हे याचं गाजलेलं उदाहरण. टँकरवर जगणाऱ्या या गावात पाणलोटाच्या कामानंतर विहिरींना पाणी वाढलं, शेतातलं काम वाढलं.

आर्थिक न्यायाचा अवघड प्रश्न इथेच येतो. चराईबंदी झाली की सगळ्यात आधी कुणाचं नुकसान होतं? ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त शेळ्या-मेंढ्या आहेत, त्याचं. आणि डोंगरावर अडवलेलं पाणी पाझरून कुठे येतं? पायथ्याच्या विहिरीत, म्हणजे बहुतेक वेळा बऱ्या जमिनीच्या मालकाकडे. भूमिहीनाने श्रमदान करायचं आणि पाणी दुसऱ्याच्या विहिरीला लागायचं, अशी टीका पाणलोटाच्या कामांवर अभ्यासकांनी अनेकदा केली आहे. दरेवाडीत मेंढपाळांशी बोलून, डोंगर टप्प्याटप्प्याने बंद करून यातून वाट काढली गेली. पण ही वाट प्रत्येक गावाला नव्याने काढावी लागते. पाणी वाढलं म्हणजे न्याय आपोआप आला, असं होत नाही.

हिंगोलीत ही फूटपट्टी लावली तर?

हिंगोली जिल्ह्याचे पाच तालुके: हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख. पूर्णेवरचं सिद्धेश्वर धरण जिल्ह्यातच आहे, पैनगंगेवरचं इसापूर सीमेवर. तरी सिंचनाचा अनुशेष ही जिल्ह्याची जुनी तक्रार आहे. कालव्याखालचा वसमतचा पट्टा आणि सेनगाव-औंढ्याचा कोरडवाहू माळ यांत मोठा फरक आहे.

हळद. हिंगोलीचा हळद बाजार राज्यात प्रसिद्ध आहे आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही चांगलीच गोष्ट. पण हळदीला आठ-नऊ महिने पाणी लागतं, बेणं आणि खतं महाग, शिजवणं आणि पॉलिशचा खर्च वेगळा. ज्याच्याकडे पाणी आणि भांडवल आहे तोच ती करू शकतो, आणि भाव वाढेपर्यंत माल घरात ठेवू शकतो. लहान शेतकरी पैशाच्या गरजेपोटी लगेच विकतो. मानांकनाचा फायदा कुणाच्या घरात गेला, हा 'गरिबांना अग्रक्रम' या तत्त्वाचा प्रश्न. जमीन थकली तर दहा वर्षांनी काय, हा सृष्टीचा प्रश्न.

शक्तिपीठ महामार्ग. नागपूर ते गोवा हा सुमारे ८०२ किलोमीटरचा नियोजित रस्ता १२ जिल्ह्यांतून जाणार असून त्यात हिंगोलीही आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यासाठी २० हजार कोटींपेक्षा जास्त रकमेला मंजुरी दिली. बागायती जमिनी जाणार म्हणून अनेक जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी विरोध केला. रस्ता हवाच किंवा नकोच, असं ही शिकवण सांगत नाही. ती विचारते: ज्यांची जमीन जाते त्यांना निर्णयाआधी विचारलं का? मोबदल्यात फक्त मालकाचा हिशेब झाला की त्या शेतावर राबणाऱ्या मजुराचाही? पर्यायी रस्ता तपासला का?

कर्ज. 'मातेर एत माजिस्त्रा'पासूनची भूमिका अशी की शेतीला निसर्गाचा धोका असतो, म्हणून तिच्यासाठी कर्ज आणि विम्याची वेगळी व्यवस्था हवी. पाऊस गेल्याचा पूर्ण तोटा एकट्या शेतकऱ्याच्या खात्यावर टाकणं हा अन्याय आहे. हवामान बदलाला सेनगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याने फारसा हातभार लावलेला नाही. तरी त्याचं बिल त्याच्याच नावाने फाटतं. 'पर्यावरणाचं कर्ज' हा शब्द इथे पुस्तकी राहत नाही.

टीका काय होते?

धर्मानेच नुकसान केलं, हा आरोप. १९६७ मध्ये अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की माणसाने सृष्टीवर सत्ता गाजवावी, या बायबलच्या वाचनातूनच पाश्चात्त्य जगाची निसर्गाला ओरबाडण्याची वृत्ती आली. 'लाउदातो सी'ने याला उत्तर देताना असा अर्थ चुकीचा असल्याचं म्हटलं, आणि ख्रिस्ती लोकांनी तो कधी कधी लावला हेही कबूल केलं. बायबलमध्ये माणसाला बाग कसायला आणि राखायलाही सांगितलं आहे, यावर पत्राचा भर आहे.

लोकसंख्या. वाढती लोकसंख्या हे पर्यावरणाच्या ऱ्हासाचं मुख्य कारण नाही, मोजक्या लोकांचा अतिवापर हे आहे, असं पत्र म्हणतं. कृत्रिम कुटुंबनियोजनाला चर्चचा विरोध असल्यामुळे ते या प्रश्नाला बगल देतं, असं टीकाकार म्हणतात.

बाजाराबद्दलचा संशय. कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीतून सट्टेबाजी वाढेल, ही पत्रातली भीती काही अर्थतज्ज्ञांना अवाजवी वाटते. त्यांच्या मते प्रदूषणाला किंमत लावणं हाच परिणामकारक मार्ग आहे.

चर्चच्या घरातला अन्याय. ही भारतातली सर्वात बोचरी टीका. भारतातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित आहे, आणि चर्चमध्येही त्यांच्याशी भेदभाव झाला आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, त्यात हा भेदभाव मान्य केला. जमीन, शाळा, दवाखाने अशी मोठी मालमत्ता असलेल्या संस्थेने मालमत्तेवरच्या 'समाजाच्या बोजा'ची सुरुवात स्वतःपासून करावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

काही नेहमीचे प्रश्न

ही शिकवण म्हणजे साम्यवाद आहे का?
नाही. खासगी मालमत्ता तिला मान्य आहे. पण मालमत्तेचा हक्क अमर्याद आहे, हे तिला मान्य नाही.

ही धर्मप्रसाराची पद्धत आहे का?
'लाउदातो सी' हे पत्र जगातल्या सगळ्या माणसांना उद्देशून लिहिलं आहे, त्यात धर्म बदलण्याचं आवाहन नाही. वसईत आणि दरेवाडीत काम करणारी आणि फायदा घेणारी माणसं वेगवेगळ्या धर्मांची होती. कुठल्याही संस्थेचं काम तपासून बघावं, हा नियम मात्र सगळ्यांनाच लागू.

पोपच्या पत्राने कायदा बदलतो का?
नाही. ते कॅथलिकांना नैतिक मार्गदर्शन आहे. भारतात निर्णय घटना, कायदे आणि ग्रामसभा यांच्यातूनच होतात.

श्रद्धा नसलेल्या किंवा दुसऱ्या धर्माच्या माणसाला याचा काय उपयोग?
प्रश्न विचारण्यासाठी. गावात बंधारा येवो, कारखाना येवो, सोलर प्रकल्प येवो की रस्ता, ग्रामसभेत हे पाच प्रश्न विचारता येतात:

१. पाणी आणि जमीन यावर आज कुणाचा हक्क आहे, आणि प्रकल्पानंतर कुणाचा राहील?
२. गावातल्या सर्वात गरीब दहा घरांचं यात काय होणार?
३. निर्णयाआधी त्यांना विचारलं का?
४. नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, आणि ते कुठे लिहिलं आहे?
५. वीस वर्षांनी या शिवारात पाणी आणि माती कशी असेल?

सेनगावच्या त्या पत्रात शेतकऱ्यांनी स्वतःच्या शरीराचे दर लिहिले, कारण विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. शिवाराचं पाणी आटतं तेव्हा घरातलं कर्ज वाढतं, आणि कर्ज वाढलं की माणूस जमिनीतून आणखी ओरबाडतो. पुढच्या वेळी अशी बातमी फोनवर आली, तर ती पुढे पाठवण्याआधी त्या गावच्या विहिरीची पातळीही विचारून बघा.